‘बेसवर गेल्यावर लिहू’

पत्र

काका, नमस्कार.

मी मूळचा सोलापूरचा. वडिलांचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत चार यंत्रमाग आहेत. मी एका प्रादेशिक विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. लाइनवर, म्हणजे प्रवासी उड्डाणांवर येऊन अकरा महिने झाले. दिवसाला चार, कधी पाच-सहा सेक्टर, म्हणजे उड्डाणं होतात. लहान गावांच्या विमानतळांवर आमचा इंजिनिअर नसतो, तो फक्त बेसवर, म्हणजे कंपनीच्या मुख्य तळावर. त्यामुळे एक पद्धतच पडून गेली आहे. मधल्या स्टेशनवर काही बिघडलं तर टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या दोषांच्या नोंदवहीत लिहायचं नाही, फोनवर सांगायचं, आणि रात्री शेवटच्या सेक्टरनंतर बेसवर लिहायचं. पुष्कळदा तेही राहून जातं, कारण तोवर सगळे दमलेले असतात.

महिनाभर एका विमानाचं नाकाचं चाक उतरल्यावर थरथरतंय. मी एकदा आग्रह करून लिहायला लावलं. दुसऱ्या दिवशी समोर शेरा होता, ‘तपासलं, समाधानकारक आढळलं.’ तीन दिवसांनी परत तेच. दुसऱ्या एका विमानाचा उजवा पॅक, म्हणजे आत हवा पुरवणारा एसीचा संच, चढताना ट्रिप होतो (आपोआप बंद पडतो), रिसेट केला की चालतो. त्याची तर नोंदच नाही. मी मोबाइलमध्ये तारखेसह टिपून ठेवतो. अशा चौदा गोष्टी झाल्या आहेत.

पुढच्या आठवड्यात डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची तपासणी आहे असं ऐकतोय. कंपनीत लगबग सुरू झाली आहे. लाइफ जॅकेटं मोजली जातायत, फर्स्ट एड किटच्या तारखा बघितल्या जातायत. मला वाटतं, ही यादी सरळ निरीक्षकाच्या हातात द्यावी. सोबतचे लोक म्हणतात, गप्प बस, नोकरी न सोडण्याचा बाँड आहे, कर्ज आहे. वडिलांनी घर गहाण ठेवून मला शिकवलंय. रात्री झोप लागत नाही. मी काय करू?

उत्तर

आधी वाचकांसाठी दोन वाक्यं. या मुलाची ओळख पटेल असं सगळं मी पत्रातून काढून टाकलं आहे. तो ज्या कंपनीत आहे तिची विमानं सोलापूरला येत नाहीत, त्यामुळे होटगी रोडला उतरणाऱ्या विमानांशी या पत्राचा काहीही संबंध जोडू नये.

आता तुझ्याशी. मी ३१ वर्षं विमान देखभाल अभियंता म्हणून काम केलं. म्हणजे तू ज्याला रात्री फोन करून ‘सर, नोज व्हील जरा हलतंय’ म्हणतोस, तो फोनच्या दुसऱ्या टोकाचा माणूस मी होतो. त्यामुळे हे उत्तर हँगरमधून येतंय असं समज.

निरीक्षकाची वाट बघू नकोस. तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. तू सांगतोस तशा दिवसाला चार-पाच सेक्टरच्या हिशेबाने ते थरथरणारं चाक तोवर तीसेक वेळा जमिनीला टेकेल, आणि प्रत्येक वेळी आत माणसं बसलेली असतील. तुझ्या यादीतली जी दुखणी आजही विमानात आहेत, ती उद्या सकाळच्या पहिल्या सेक्टरनंतर टेक लॉगमध्ये गेली पाहिजेत. यादी निरीक्षकाला द्यावी की नाही हा प्रश्न त्यानंतरचा आहे, आणि तोही तुला वाटतो तेवढा मोठा राहणार नाही.

नियम काय म्हणतो ते नीट बघ. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या सहाव्या परिशिष्टात वैमानिकाची जबाबदारी एका वाक्यात दिली आहे. विमानातले सगळे ज्ञात किंवा संशयित दोष उड्डाण संपल्यावर कंपनीला कळवण्याची जबाबदारी मुख्य वैमानिकाची. यातला ‘संशयित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तुला खात्री असण्याची गरज नाही, शंका पुरेशी आहे. दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे ‘उड्डाण संपल्यावर’. दिवस संपल्यावर नाही, बेसवर पोचल्यावर नाही. चार सेक्टरच्या दिवसात उड्डाण चार वेळा संपतं.

‘लिहिलं की विमान अडकतं’ ही भीती अर्धी खरी आहे. बऱ्याच दोषांसाठी तुझ्या विमानाची एमईएल, म्हणजे किमान उपकरणांची यादी आहेच. अमुक एक गोष्ट बंद असली तरी कोणत्या अटींवर आणि किती दिवस उडता येईल, हे त्यात आधीच ठरवून दिलेलं असतं. बी गटातला दोष नोंदला तो दिवस सोडून ३ दिवसांत, सी गटातला १० दिवसांत, डी गटातला १२० दिवसांत दुरुस्त व्हावा लागतो. ए गटाची मुदत त्या त्या बाबीपुढे लिहिलेली असते. तुझ्या पॅकचं उदाहरण घे. कितीतरी विमानांमध्ये एका पॅकवर, उंचीची मर्यादा पाळून, उडायची मुभा असते. तुझ्या विमानाचं पुस्तक उघडून बघ. मुभा असेल तर लिहून, अट पाळून, रीतसर उडता येईल. आज तुम्ही त्याच बिघडलेल्या पॅकवर उडता आहात, फक्त अट पाळत नाही आणि मुदतीचा काटाही सुरू झालेला नाही. लिहिलंच नाही त्या दोषाचे दिवस कोण मोजणार?

चाकाच्या थरथरीचं मात्र तसं नाही. ती लिहिली तर मधल्या स्टेशनवर विमान थांबू शकतं. बेसवरून इंजिनिअर यावा लागेल, कदाचित पार्ट घेऊन यावा लागेल, पुढचे सेक्टर रद्द होतील. हे मी तुझ्यापासून लपवत नाही. आणि लहान गावातलं विमान रद्द होणं किती बोचतं हे सोलापूरकराला सांगायला नको. आपण या सेवेसाठी किती वर्षं काढली! विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली, त्यावरून गावात घराघरात वाद झाले. विमानतळाचं उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं आणि गोव्याचं पहिलं नियमित विमान सुटायला जून २०२५ उजाडला. एवढी वाट बघितलेल्या गावात ‘आजचं विमान रद्द’ म्हणताना काउंटरवरच्या पोरीचाही आवाज बसतो. तुझ्या कंपनीच्या प्रत्येक लहान स्टेशनवर हेच दडपण असणार, आणि ते तुझ्या कॅप्टनच्या मानेवर बसलेलं असणार. पण रद्द झालेल्या विमानातला माणूस संध्याकाळी घरी फोन करतो. आपणही पिढ्यान्‌पिढ्या रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठलीच की.

तोंडी सांगितलेल्या स्नॅगचं, म्हणजे बिघाडाचं काय होतं, हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगतो. नव्वदच्या दशकातली, पावसाळ्यातली रात्र. कंपनीचं नाव राहू दे. कॅप्टन शिडी उतरता उतरता मला म्हणाले, ‘डावीकडचं ब्रेक जरा धरतंय, बघून घ्या.’ मी चाकाजवळ हात नेला. गरम होतं. उतरल्यावर चाक गरम असतंच, असं मी मनाला सांगितलं. माझ्यापुढे त्या रात्री लिहिलेली पाच कामं होती. ती केली, सही केली, पाळी संपली. सकाळी आलेल्या सहकाऱ्याला मी ब्रेकबद्दल बोललोच नाही, कारण तोवर ते माझ्या डोक्यातून गेलं होतं. दुपारी दुसऱ्या गावी टॅक्सी करताना तेच ब्रेक अडकलं, धूर निघाला, अग्निशमनची गाडी धावत आली. सगळे प्रवासी चालत उतरले, कोणाला खरचटलंही नाही. चौकशीत कॅप्टन म्हणाले, मी सांगितलं होतं. मी म्हणालो, हो, त्यांनी सांगितलं होतं. दोघंही खरं बोललो, आणि दोघांकडेही दाखवायला एक ओळ नव्हती. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत शिडीवर कोणी काही बोललं की मी पेन पुढे करायचो.

आणखी एक गोष्ट, जी वैमानिकांना सहसा कोणी सांगत नाही. टेक लॉगमधली नोंद हा इंजिनिअरचा हक्क असतो. तुझ्या त्या एका ओळीवर मी स्टोअर्समधून पार्ट मागू शकतो, विमान रात्रभर हँगरमध्ये ठेवायला सांगू शकतो, सकाळच्या पाळीला काम बांधून देऊ शकतो. ‘पायलट फोनवर म्हणाला’ एवढ्यावर मला कोणी टायरसुद्धा देत नाही. कोणता भाग वारंवार बिघडतो याचा हिशेब कंपनी ठेवते, निर्मात्यालाही कळवते, आणि तो सगळा हिशेब या नोंदींवरच उभा असतो. तू लिहिलं नाहीस की कागदावर ते विमान ठणठणीत. इंजिनिअर चिडतील म्हणून लिहायचं टाळत असशील तर तो विचार सोड. चिडतील थोडे, रात्रीचे दोन वाजले असले की माणूस चिडतोच. पण ज्याला काम कळतं तो इंजिनिअर लिहिणाऱ्या पायलटला मानतो.

आता ‘तपासलं, समाधानकारक आढळलं’. हा शेरा वाचून तुला वाटलं की त्याने टाळलं. टाळलं असेलही. पण त्याच्या जागी उभा राहून बघ. विमान उभं आहे, टोइंग ट्रॅक्टर माणसाच्या चालीने ओढतोय, आणि तुझी थरथर येते साठ-सत्तर नॉटच्या वेगाला. त्याला ती दिसणार कुठून? त्याने टायर बघितला, लिंकेज हलवून बघितलं, काही सापडलं नाही, तसं लिहिलं. तुमची नोंद काय होती? मला खात्री आहे, ‘नोज व्हील व्हायब्रेशन फेल्ट’ एवढीच असणार. डॉक्टरकडे जाऊन ‘दुखतंय’ म्हणण्यासारखं झालं ते.

इंग्रजीतच लिही, पण मजकूर असा हवा: उतरल्यावर साधारण किती नॉटला थरथर सुरू झाली, कितीला थांबली. ब्रेक लावायच्या आधी की नंतर. रिव्हर्समध्ये असताना का. रनवे कोरडा की ओला. स्टिअरिंग वापरत होता का. टेकऑफ रनमध्येही येते का. गेल्या किती लँडिंगपैकी किती वेळा. ब्रेकला हात लावायच्या आधी सुरू होत असेल तर मी मुख्य चाकांच्या ब्रेककडे वेळ घालवत नाही. ठराविक वेगाच्या पट्ट्यातच येत असेल तर आधी चाकाचा समतोल आणि टायर बघतो, एका जागी घासलाय का ते. स्टिअरिंग वळवलं की वाढत असेल तर टॉर्क लिंकचे बुश झिजलेत का, सांध्यात ढिलाई आहे का, यासाठी नाक जॅकवर उचलतो. तुझ्या चार ओळी माझे चार तास वाचवतात. आणि शेवटी हे जरूर लिही: हाच दोष अमुक तारखेला, अमुक पानावर नोंदलेला आहे. पुन्हा पुन्हा येणारा दोष असा कागदावर जोडला गेला की देखभाल नियंत्रण कक्षाला तो एकटा-दुकटा म्हणून सोडता येत नाही.

काय बिघडलं असेल याचं निदान मात्र लिहू नकोस. ‘डॅम्पर गेला असावा’ असं लिहिलंस की माणूस डॅम्परच, म्हणजे थरथर शोषणारा भागच बघतो.

लिहिल्यावर काम संपलं असंही नाही. दुसऱ्या दिवशी समोर काय केलंय ते वाच, आणि कॉकपिटमध्ये बसून त्याचा पडताळा घे. ६ ऑगस्ट २००५ ला ट्युनिंटर कंपनीचं एटीआर ७२ इटलीच्या पालेर्मोजवळ समुद्रात उतरलं, ३९ जणांपैकी १६ गेले. आदल्या दिवशी कॅप्टनने इंधनदर्शक नीट दाखवत नाही म्हणून रीतसर नोंद केली होती. रात्री दर्शक बदलला गेला, पण एटीआर ४२ चा बसवला. तो टाकीत नसलेलं इंधन दाखवत होता. सकाळी इंधन भरल्याची पावती सापडेना, ती नंतर मिळेल यावर विसंबून विमान निघालं. पायलटने लिहिलं, इंजिनिअरने बदललं, आणि तरीही दोन्ही इंजिनं हवेत बंद पडली. म्हणून काल रात्री ज्याला हात लागलाय त्या गोष्टीकडे आज सकाळी दुप्पट लक्ष दे.

आता निरीक्षकाकडे येऊ. तो रॅम्पवर, म्हणजे विमान उभं असतं तिथे आला की त्याच्याकडे बहुधा तुमच्या टर्नअराउंडचाच, म्हणजे दोन उड्डाणांमधलाच वेळ असतो. विमानाची प्रमाणपत्रं, तुमची लायसन्स, मेडिकल, एमईएलची प्रत, टेक लॉग, पुढे ढकललेले दोष आणि त्यांच्या तारखा तो बघतो. बाहेर चक्कर मारून टायर, गळती, सुटलेले स्क्रू, पॅनेल बघतो. आत आपत्कालीन साहित्य बघतो. तुमच्या कंपनीत आत्ता जी धावपळ चालली आहे ती या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींची आहे, आणि ती कामं करायलाच हवीत, त्यात वावगं काही नाही. पण त्या वीस-पंचवीस मिनिटांत तुझ्या चाकाची थरथर त्याला दिसणं शक्य नाही. ती त्याला एकाच जागी दिसू शकते, टेक लॉगमध्ये.

आणि अनुभवी निरीक्षक टेक लॉग कसा वाचतो हेही तुला सांगतो. दिवसाला पाच सेक्टर करणाऱ्या विमानाचं लॉग पंधरा दिवस कोरं असलं की त्याच्या भुवया उंचावतात. सगळे स्नॅग शेवटच्या सेक्टरलाच, बेसवरच कसे येतात, हे पान उलटताना लक्षात येतं. मधल्या स्टेशनवर एकही नोंद नाही, म्हणजे तिथे लिहिलं जात नाही. अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या अपघातानंतर महासंचालनालयाने दिल्ली-मुंबईसह मोठ्या विमानतळांवर रात्री आणि पहाटे तपासण्या केल्या आणि आढळलेल्या त्रुटी जाहीर केल्या. त्यात झिजलेल्या टायरमुळे थांबवलेलं विमान होतं, आसनाखाली नीट न बसवलेली लाइफ जॅकेटं होती. पण मला लागून राहिल्या त्या दोन ओळी. नोंदलेले दोष त्याच विमानांत पुन्हा पुन्हा उद्भवत होते, आणि विमानाच्या यंत्रणेने आपणहून दाखवलेले दोष टेक्निकल लॉगबुकात लिहिलेलेच नव्हते. तुझं चाक आणि तुझा पॅक. तुझ्या एकट्याच्या कंपनीचं हे दुखणं नाही.

तपासणीवर सगळी भिस्त ठेवू नये हे मला एका जुन्या अपघाताने शिकवलं. ११ सप्टेंबर १९९१. अमेरिकेत टेक्सासमध्ये काँटिनेंटल एक्स्प्रेस या प्रादेशिक कंपनीचं एम्ब्राएर १२० हवेतच मोडलं, आतले १४ जण गेले. आदल्या रात्री ह्यूस्टनच्या हँगरमध्ये शेपटीच्या आडव्या पंखाचं बर्फरोधक रबर बदलायचं काम निघालं होतं. संध्याकाळच्या पाळीने डाव्या बाजूच्या पुढच्या कडेचे वरचे ४७ स्क्रू काढले. पाळी बदलली. रात्रीच्या पाळीने उजव्या बाजूचं काम पुरं केलं, डावीकडे वरून स्क्रू निघालेत हे त्यांना कळलंच नाही. कंपनीच्याच एका तपासणी निरीक्षकाने कामाची नोंद केली होती, पण पुढच्या पाळीचा निरीक्षक लवकर येऊन वही वाचून गेला होता, नोंद त्यानंतर पडली. सकाळी विमान लारेडोला जाऊन पोचलंही. येताना कड निघून गेली. तपास मंडळाने कारणांमध्ये कंपनीच्या माणसांबरोबर व्यवस्थापनाचं नाव घेतलं, आणि सरकारी नियामकाच्या देखरेखीला हे ढळलेलं काम दिसलं नाही, हेही घेतलं. मंजूर पद्धती कागदावर होत्या. रात्री प्रत्यक्ष काय चालतं ते नियामकाला दिसलं नव्हतं. मी निवृत्त होईपर्यंत पाळी बदलताना ‘काढलंय पण लावलं नाही’ असं काय काय आहे हे आधी विचारायचो, बाकीचं मग.

मग तपासणीच्या दिवशी काय करायचं? विचारलं ते खरं सांगायचं. ‘काही दोष आहेत का’ असं त्याने विचारलं आणि चाक अजून थरथरत असेल, तर ‘आहे, लॉगमध्ये आहे, हे बघा’ असं म्हणायचं. कॅप्टनने डोळे वटारले तरी. तोवर तू लिहायला सुरुवात केलेली असेल, त्यामुळे हे वाक्य चहाडी ठरणार नाही. आज मोबाइलमधली यादी घेऊन गेलास तर पहिला प्रश्न तुलाच येईल: चौदा गोष्टी तुला माहीत होत्या, मग यातल्या किती लॉगमध्ये आहेत? ती यादी म्हणजे तुला माहीत असून तू उडालास याची तारखेनिशी कबुली आहे. मी तुला घाबरवायला हे लिहीत नाही. फेकूही नकोस, खोडूही नकोस. पण ती आता कामाला लाव.

तिच्यातल्या चौदाही गोष्टी सारख्या नसणार. ज्या अजून विमानात आहेत त्या टेक लॉगमध्ये. ‘मधल्या स्टेशनवर लिहायचं नाही’ ही जी रीत आहे, ती कोणत्याच एका विमानाचा दोष नाही, ती टेक लॉगमध्ये मावणार नाही. तिच्यासाठी कंपनीच्या सुरक्षा विभागाकडे सेफ्टी रिपोर्ट दे. नावं न घेता, तारखा आणि स्टेशनं देऊन, आणि एक उपाय सुचवून, की अमुक दोन स्टेशनांवर इंजिनिअरची सोय करा किंवा इंजिनिअर विमानातून फिरवा. काही नोंदी बहुतेक रोस्टरच्या, हॉटेलच्या, कोणाच्या बोलण्याच्या असतील. त्या बाजूला काढ. त्यांचं गाऱ्हाणं खरं असेल, पण चाकाच्या कागदात ते मिसळलं की चाकाचं वजन कमी होतं.

सुरक्षा विभागाने दखल घेतली नाही तर महासंचालनालयाकडे ऐच्छिक सुरक्षा अहवाल देता येतो. आयकाओच्या एकोणिसाव्या परिशिष्टानुसार प्रत्येक देशाने अशी सोय ठेवायची असते आणि माहिती देणाऱ्याला जपायचं असतं. या सोयीमागे मोठी किंमत मोजलेली आहे. १ डिसेंबर १९७४ ला ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं ५१४ क्रमांकाचं उड्डाण वॉशिंग्टनजवळ डोंगराला धडकलं, ९२ माणसं गेली. सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे वैमानिक त्याच जागी, त्याच गैरसमजातून, थोडक्यात बचावले होते. त्यांनी आपल्या कंपनीला सांगितलं, कंपनीने आपल्या लोकांना सावध केलं. बाकीच्यांना कळलंच नाही. त्यानंतर १९७६ पासून अमेरिकेत वैमानिकांचे असे अहवाल नासा ही तटस्थ संस्था घेऊ लागली. वैमानिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र यातलं काही टाकू नकोस. तिथून ते कुठेही पोचतं, फक्त इंजिनिअरकडे पोचत नाही.

कॅप्टनशी बोलायचं कसं हा तुझ्या मनातला खरा गुंता आहे, पत्रात तू तो अर्ध्या वाक्यात उरकलास. सही त्यांची, जबाबदारी त्यांची, आणि तू अकरा महिन्यांचा. कॉकपिटमध्ये उड्डाणाच्या वेळी यावर वाद नको. इंजिनं बंद झाली, प्रवासी उतरले, की त्या मोकळ्या मिनिटांत शांतपणे म्हण, ‘सर, मी नोंद लिहितो, तुम्ही वाचून सही करा.’ ‘लिहूया का?’ असं विचारू नकोस. विचारलंस की ‘बेसवर बघू’ हे उत्तर तयार असतं. लिहिलेला मजकूर समोर ठेवलास तर त्यावर ‘नको’ म्हणायला माणसाला जड जातं. तरी नको म्हणाले तर एवढंच म्हण, ‘सर, नोंद न करता पुढचा सेक्टर करायला माझी तयारी नाही.’ हे वाक्य घरी आरशासमोर मोठ्याने म्हणून बघ, खरंच. पहिल्यांदा ते तिथे तोंडातून निघत नाही. आणि हे बोलावं लागलं तर त्याच दिवशी रिपोर्ट दे.

या माणसांना खलनायक समजू नकोस मात्र. ऑपरेशन्सचा फोन, ड्यूटीचे संपत आलेले तास, आत बसायला आलेले सत्तर लोक, हे सगळं त्यांच्या खांद्यावर असतं. कित्येक कॅप्टन कोणीतरी आधी पेन उचलावं याची वाटच बघत असतात, असं मी पाहिलंय.

याची किंमत पडणार नाही असं वचन मी तुला देऊ शकत नाही. काही दिवस चेहरे वाकडे होतील, रोस्टर वाईट येईल, कमांड अपग्रेडच्या, म्हणजे कॅप्टन व्हायच्या वेळी कोणी जुनं उकरून काढेल. बाँडचा कागद एखाद्या वकिलाला एकदा दाखवून घे, म्हणजे अंधारातली भीती किती आणि खरी अट किती हे कळेल. पण एक हिशेब करून बघ. चाकाला काही झालं आणि चौकशी बसली तर टेक लॉगमधली तुझी नोंद तुझ्या बाजूने उभी राहील. ती नसेल तर तुझं लायसन्सही जाऊ शकतं, आणि मग ते कर्ज फेडायचं कशाने?

वडिलांना हे सांगितलेलं दिसत नाही. सांग. ज्यांनी घर गहाण ठेवलं त्यांना अंधारात ठेवून तुला झोप लागणार नाही. त्यांना विमानातलं काही कळणार नाही असं समजू नकोस. त्यांना एवढंच विचार, धागा तुटलेला दिसला आणि पाळी संपेपर्यंत माग तसाच चालवला, तर चादरीवर काय दिसतं? आणि त्यांच्या मागवाल्याने ‘संध्याकाळी सांगतो’ म्हटलं तर ते काय म्हणतात? मला वाटतं, तुझ्या कॅप्टनपेक्षा ते लवकर समजतील.

उद्याच्या पहिल्या सेक्टरनंतर चाकाची नोंद कर, मी सांगितलंय त्या तपशिलासह. परवा समोरचा शेरा काय आला ते मला कळव, तो वाचून पुढचं सांगतो. सुट्टीत सोलापूरला आलास की यादी घेऊन घरी ये, चौदातल्या किती उरल्या ते एकत्र बसून बघू.